विकीच्या पाठीवरचं झाकण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



संयोजकांचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर हल्ली सगळेच बोलतात, आणि माझ्यापेक्षा जास्त खात्रीनं बोलतात. मला दुसरं काहीतरी बोलू द्या. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये माणसासारखे दिसणारे रोबो असतात, ते आपल्याला खरे कधी वाटतात आणि कधी वाटत नाहीत, यावर बोलते. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नव्हता. मग उत्तर आलं, "बोल, पण वीस मिनिटांत आवर, पुढं जेवण आहे." तेव्हा मी आवरतं घेणार आहे. सर, मी लांबण लावली तर शाळेत वाजवायचात तशी टेबलावर पट्टी वाजवा.

आपण नववी-दहावीत असताना शिरूरला केबल घराघरात पोचली होती. पावसाळ्यात केबल जायची आणि उन्हाळ्यात लाइट जायची, त्यातून जे उरायचं ते आपण बघायचो. त्यात स्टार प्लसवर हिंदीत डब केलेली 'स्मॉल वंडर' होती. हात वर करा बघू कोणाकोणाला आठवतेय. बघा, अर्धा हॉल! लाल-पांढरा फ्रॉक, दोन्ही बाजूंना केस आणि सपाट आवाजात बोलणारी विकी. अमेरिकेत ही मालिका १९८५ ते १९८९ या काळात चालली, म्हणजे आपल्याकडे येईपर्यंत ती चांगलीच शिळी झाली होती. पण आपल्याला काय त्याचं? एक इंजिनियर बाप घरीच रोबो बनवतो, दहा वर्षांच्या मुलीसारखा, आणि ती दत्तक घेतलेली मुलगी आहे असं शेजाऱ्यांना सांगतो. रात्री ती कपाटात उभी राहते. बिघडली की पाठीवरचं झाकण उघडायचं आणि आतली बटणं दाबायची.

मधल्या सुट्टीत आपल्या वर्गातल्या मुलींनी विकीचा खेळ काढला होता. एकीनं विकी व्हायचं, दुसरीनं तिच्या पाठीवर बटण दाबायचं. "इतिहासाचं पुस्तक वाच" म्हटलं की विकी पहिल्या पानापासून न थांबता वाचत सुटायची. हा खेळ बाईंनी बंद केला. कारण आता सांगायला हरकत नाही: एका विकीनं प्रार्थनेच्या वेळीही बंद व्हायला नकार दिला होता. ती विकी आज पुढच्या रांगेत बसली आहे आणि एका बँकेत शाखाधिकारी आहे.

मला त्या वयात एक गोष्ट खटकायची. विकी वाढत कशी? नटी खरीच मुलगी होती, चार वर्षांत ती वाढणारच. पण रोबो कसा वाढेल? मालिकावाल्यांनाही ते खटकलं असावं, कारण पुढं बापानं तिच्यात सुधारणा केल्याचं दाखवून तिचा चेहरा आणि कपडे मोठ्या मुलीचे केले. मला ते पटलं नाही, पण बरं वाटलं. आपल्याला जे खटकतंय ते त्यांनाही खटकलंय, एवढ्यानं माणसाचं समाधान होतं.

पुढं इंजिनियरिंगला प्रयोगशाळेत आरएस-२३२ नावाच्या जोडणीवर काम केलं. जुन्या कॉम्प्युटरच्या मागं नऊ टाचण्यांचं ते खोबणं असायचं. नंतर कधीतरी वाचनात आलं की विकीच्या डाव्या काखेत हेच खोबणं होतं आणि उजव्या काखेत विजेचा सॉकेट! मी एकटीच हसत बसले. त्या जोडणीचा तेव्हाचा नेहमीचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे साधारण ९६० अक्षरं. एक एमबीचा एक फोटो तिच्यातून बाहेर काढायचा तर सतरा-अठरा मिनिटं लागणार. ही मुलगी दिवसभर जे बघायची ते सगळं उतरवून घ्यायचं ठरवलं तर बापाचं आयुष्य संपेल. तरीही काखेतल्या त्या खोबणीनं मला विकी जास्त खरी वाटायला लागली, कमी नाही. कोणीतरी बसून विचार केला होता की हिला वीज कुठून मिळेल आणि हिच्याशी तार कुठं जोडायची.

यावरून माझं एक मत झालंय. गोष्ट सांगणाऱ्याला प्रेक्षक एकच उधारी देतात. दहा वर्षांची मुलगी रोबो आहे, हे मोठं खोटं खात्यावर मांडून ठेवतात. त्यानंतरचा सगळा माल रोख घ्यावा लागतो. तिला वीज लागते का, पाण्यात भिजली तर काय, शेजारीण अचानक आली तर काय. इथं लेखकानं पुन्हा उधार मागितलं की गिऱ्हाईक उठून जातं.

हे आपल्याला नवीन नाही. गणपतीतले देखावे आठवा. हलते देखावे आणि जिवंत देखावे अशी दोन घराणी होती. हलत्या देखाव्यात प्लास्टरचे मावळे असायचे, आत मोटर, दट्ट्या आणि तारा. महाराजांचा हात वर जायचा, खाली यायचा, वर जायचा, खाली यायचा, आणि अफझलखान दर दोन मिनिटांनी मरायचा. जिवंत देखाव्यात आपल्यातलीच पोरं अंगाला रंग लावून पुतळ्यासारखी उभी असायची. दोन्हीकडे गर्दी एकच गोष्ट करायची: फसवणूक शोधायची. हलत्या पुतळ्याकडे बघून "डोळे मिचकावले बघ" म्हणायचे, आणि जिवंत पोराकडे बघून "पुतळाच आहे रे" म्हणत त्याला हसवायचा प्रयत्न करायचे. यंत्राला माणूस ठरवायचं आणि माणसाला यंत्र, यात जी मजा आहे तीच पुढं टीव्हीनं विकली.

जपानमध्ये मासाहिरो मोरी नावाच्या प्राध्यापकांनी १९७० साली यावर एक छोटा निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, यंत्र जसजसं माणसासारखं दिसतं तसतसं ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी माणसाजवळ आलं आणि थोडंसंच चुकलं की एकदम अंगावर काटा येतो. त्यांनी कृत्रिम हाताचं उदाहरण दिलं होतं. दिसायला हुबेहूब हात, पण हातात घेतला की थंडगार आणि आत हाड नसल्यासारखा. आपला प्लास्टरचा अफझलखान या बाबतीत सुरक्षित होता. तो माणसाच्या इतक्या जवळ कधी गेलाच नाही.

आता माझ्या आईकडे येते. वडील गेल्यावर आई शिरूरचं घर सोडून दौंड तालुक्यात, केडगावजवळ, मामाच्या गावी राहायला गेली. तिचं माहेर तेच. इथून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यानं गेलं, भीमा ओलांडली की आलंच. २०१६ साली मी बाळंतपणासाठी तिच्याकडे होते तेव्हा लाइफ ओके चॅनेलवर 'बहू हमारी रजनीकांत' सुरू झाली होती. रिधिमा पंडितनं त्यात रजनी नावाच्या रोबोचं काम केलं होतं. शान नावाचा शास्त्रज्ञ रोबो बनवतो आणि परिस्थिती अशी येते की ती घरात सून म्हणून वावरू लागते. विनोदी मालिका, जवळजवळ वर्षभर चालली. समीक्षकांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं असेल असं वाटत नाही. आमच्याकडे मात्र रोज रात्री तिची चिरफाड व्हायची.

आई सातवीपर्यंत शिकलेली. पण माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझा प्रोग्राम इतक्या कसून कोणी तपासला नाही.

"हिला चार्जिंगला कधी लावत्यात? लाइट गेल्यावर काय करत्यात?"

"आई, मालिका आहे ती."

"मालिका हाय म्हणून काय झालं? केडगावात असती तर दुपारपातूर बंद पडली असती. आन् भांडी घासताना पाणी आत जात नाय का?"

दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलले. "सासूला कळंना व्हय? सून जेवत नाय, झोपत नाय, आजारी पडत नाय, माहेरी जात नाय. सासूच्या ध्यानात येऊ नये?" मी म्हटलं, सासूला संशय आला तर मालिका संपेल. आईनं थोडा विचार केला. म्हणाली, "नाय, खरंय त्यांचं. सून जेवली का नाय कुणी बघतंय कधी? नाय कळायचं सासूला."

म्हणजे जी गोष्ट मला मालिकेतली सगळ्यात अशक्य वाटत होती, तीच तिला सगळ्यात खरी वाटली. मी इंजिनियर म्हणून यंत्राकडे बघत होते आणि ती घराकडे बघत होती. रोबो हा शब्दच कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर.यू.आर.' नाटकातून जगभर गेला. प्रागमध्ये १९२१ साली त्याचे प्रयोग झाले. शब्द सुचवला त्याच्या भावानं, आणि तो आला 'रोबोटा'वरून, म्हणजे वेठ. आपली वेठबिगारी. त्या नाटकातले रोबो लोखंडी नव्हतेच, अगदी माणसासारखे होते. शंभर वर्षं झाली, पण वेठीला धरलेलं माणसासारखं कोणीतरी हीच ती गोष्ट आहे. ते आईला माझ्या आधी कळलं याचं आता मला आश्चर्य वाटत नाही. चार वाजता उठून नळाला नंबर लावलेली बाई आहे ती.

पुढचा भाग मात्र तिला माहीत नव्हता आणि टीव्हीवाल्यांनाही नव्हता. या सगळ्या मालिकांमध्ये एक चूक सारखी आहे. विकी मोटार उचलते, रजनी घरातलं सगळं काम झपाट्यानं करते, आणि दोघींना साधा वाक्प्रचार कळत नाही. "जरा पंख्याचा वारा खा" म्हटलं की खरंच खायला निघतात. विनोदाची सगळी दुकानं यावरच चालली. प्रत्यक्षात झालं बरोबर उलटं. वाक्प्रचार यंत्राला आले. पोळी अजून येत नाही.

हान्स मोरावेक नावाच्या रोबोशास्त्रज्ञानं हे १९८८ सालीच लिहून ठेवलं होतं: मोठ्या माणसांच्या बुद्धीच्या परीक्षा यंत्राला सोप्या जातील, पण एक वर्षाच्या मुलासारखं बघणं आणि चालणं त्याला जमवून देणं फार अवघड. होंडानं २००० साली आसिमो नावाचा चालणारा रोबो जगाला दाखवला. पुढच्या आवृत्तीत त्याची उंची होती १३० सेंटीमीटर, आपल्या पाचवीतल्या मुलाएवढी. एकदा चार्ज केल्यावर तासभर चालला तर चालला. आईचा प्रश्न बरोबर होता, दुपारपातूर बंद. आपला मेंदू साधारण वीस वॉटवर चालतो, जुन्या देवघरातल्या मिणमिणत्या बल्बएवढ्या विजेवर. आणि तेवढ्यात तो कणीक किती सैल आहे हे बोटांनी ओळखतो.

रोबो बघायचे तर रांजणगावला जा की. एमआयडीसीत आहेत. आपल्या वर्गातला एक जण तिथल्या कारखान्यात देखभालीला आहे, त्यानं मला मागच्या वर्षी दाखवले. पिवळा हात, ना तोंड ना डोळे, चारी बाजूंनी जाळी. जाळीचं दार उघडलं की यंत्र जागेवर थांबतं, कारण त्याला दाराशी उभा असलेला माणूस आणि लोखंडाचा पत्रा यातला फरक कळत नाही. मी विचारलं, याला काही नाव ठेवलंय का? म्हणाला, "पहिलवान." कामगार सकाळी त्याच्यासमोर उदबत्ती फिरवतात. त्याला कोणी माणूस समजत नाही, तो कोणाला फसवत नाही, आणि पाळीत दमत नाही. यावर मालिका निघणार नाही.

आणि तोंड असलेला रोबो? सोफिया आठवते का? २०१७च्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये तिला साडी नेसवून आणली होती. त्याआधी दोनच महिने सौदी अरेबियानं तिला नागरिकत्व दिलं होतं. तिला ऐकायला तोबा गर्दी. मध्येच एका प्रश्नावर ती गप्प झाली. यंत्र अडकलं होतं. मला सोफियाचं कौतुक वाटलं नाही, पण त्या शांततेचं वाटलं. तेवढ्या वेळात सभागृहातल्या प्रत्येकाला आठवलं असेल की ही बाहुली आहे. विकीच्या पाठीवरचं झाकण उघडावं तसं झालं.

आता मी जे काम करते त्याबद्दल. मी फोनवर बोलणारी यंत्रं बनवते. बँकेचा हप्ता, दवाखान्याची तारीख, औषधाची आठवण. त्यांना शरीर नाही, त्यामुळं मोरावेकची अडचण नाही. तोंड नाही, त्यामुळं मोरींची दरीही नाही, किंवा असली तर एवढी खोल नाही. फक्त आवाज. आणि आवाज आता फार चांगला झालाय.

आमचं पहिलं मराठी यंत्र प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचं. लोक फोन ठेवून द्यायचे. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो, आणि अवघड प्रश्न असेल तर जास्त. आम्ही थांबा घातला. मग "हं" घातलं. मग "एक मिनिट हं, बघते" घातलं, यंत्राला एक मिनिट काय, एक क्षणही लागत नसताना. मराठी संवाद मी लिहिले. पुस्तकी मराठी कापून टाकली. "आपले भोजन झाले आहे का" काढून "जेवण झालं का काकू?" लिहिलं. हे मी कुठून आणलं? आईच्या शेजारणीकडून. मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही थोडा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आईकडे गेले. बोलता बोलता ती म्हणाली, "दवाखान्यातली पोरगी रोज संध्याकाळी फोन करती. गोळी घेतली का इचारती. जेवली का इचारती. तुला येळ नसतो, तिला असतो." माझ्या पोटात काहीतरी हललं. साडेसातला फोन वाजला. आईनं स्पीकरवर टाकला. गोड आवाज, स्वच्छ मराठी. आई तिला काय काय सांगत होती! गुडघ्याचं, मामाच्या उसाचं, कारखान्याची तोड लांबली त्याचं. आणि दर वेळी पलीकडून "हं" यायचं. मी घड्याळात बघायची गरजच नव्हती. दर "हं"च्या आधीचा थांबा एकसारखा होता, एका केसाचाही फरक नाही. ते आमच्या कंपनीचं यंत्र नव्हतं, दुसऱ्या कोणाचं तरी होतं. पण युक्ती आमचीच.

शेवटी आईनं तिला विचारलं, "तुझं लग्न झालंय का गं?" आणि यंत्र म्हणालं, "काकू, तुम्ही काळजी घ्या. उद्या बोलू."

मी आईला सांगितलं. सांगायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. ज्या बाईनं रजनीकांतला पहिल्या आठवड्यात उघडं पाडलं, तिला हे कळलं नव्हतं. कारण तिथं तिला माहीत होतं की खोटं आहे, आता बघू किती जमलंय. इथं तिच्याकडून उधारी कोणी मागितलीच नव्हती. परस्पर खात्यावर मांडली होती.

ती चिडली नाही. तिला लाज वाटली. माझ्यासमोर लाज वाटली, हे मला जास्त लागलं. "म्हंजी मी एकटीच बोलत हुते?" एवढंच म्हणाली आणि चुलीशी गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तो फोन उचलणं बंद केलं. मी पुण्याला परतले. तीन आठवड्यांनी मामाचा फोन आला, आईला चक्कर आली, दौंडला नेलंय. रक्तदाब वाढला होता. गोळ्यांची पाकिटं भरलेली सापडली. फोन बंद झाला आणि त्याच्याबरोबर गोळीची आठवणही बंद झाली. यंत्र खोटं होतं, पण गोळीची वेळ खरी सांगत होतं.

२०१५ साली ब्रिटनमध्ये 'ह्युमन्स' नावाची मालिका आली, स्वीडनच्या एका मालिकेवरून बेतलेली. त्यात घरकामाला माणसासारखे रोबो विकत मिळतात. नटांना त्यासाठी हालचालींची वेगळी तालीम दिली होती: एकही हालचाल फुकट करायची नाही. आपण बोलताना नाक खाजवतो, पदर सारखा करतो, पायावरचा भार बदलतो. ते सगळं काढून टाकलं की माणूस रोबो दिसतो. एवढीच युक्ती, खर्च शून्य, आणि मोठमोठ्या यंत्रांपेक्षा खरी. त्यातला एक म्हातारा मी विसरू शकत नाही. त्याच्याकडे एक जुनाट, मोडकळीला आलेला रोबो आहे. सरकारी माणसं तो बदलून नवा देतात, म्हाताऱ्याला नको असतो. कारण म्हाताऱ्याची स्मृती जातेय, आणि वारलेल्या बायकोच्या आठवणी त्या रोबोत आहेत. रोबोलाही त्या आता नीट सापडत नाहीत. दोघं मिळून आठवत बसतात.

मी ती मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं होतं, काय हे, बॅकअप घेऊन ठेवता येत नाही का? दौंडच्या दवाखान्यात आईच्या खाटेशी बसले असताना तो म्हातारा पुन्हा डोळ्यांसमोर आला, आणि बॅकअपचा विचार मनातही आला नाही. त्याला माहीत होतं की समोर यंत्र आहे. त्यानं डोळे उघडे ठेवून ते जवळ केलं होतं. आईला ती संधी कोणी दिली नाही. तिला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं की "काकू, मी यंत्र बोलतेय, गोळीची आठवण करायला", तर तिनं कदाचित यंत्राशीही उसाच्या तोडीचं बोललंच असतं. ती म्हशीशी बोलते, तुळशीशी बोलते.

परत आल्यावर ऑफिसात मी एवढंच मागितलं की आपल्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य ते असावं. चांगला वाद झाला. एक जण म्हणाला, लोक लगेच फोन ठेवतील, मग औषधाची आठवण कोणाला करणार? आणि तो अगदीच चूक नव्हता. काही लोक ठेवतात. काही लोक मात्र हसतात आणि बोलतात. सध्या दवाखान्याच्या फोनवर ते वाक्य आहे, हप्त्याच्या फोनवर नाही. भांडण चालू आहे. "एक मिनिट हं, बघते" हे मी स्वतः काढून टाकलं. "हं" अजून आहे. ते काढलं की यंत्र इतकं कोरडं होतं की मलाच ऐकवत नाही. माझ्या मनाचं अजून पक्कं झालेलं नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही.

तुम्हाला हे सांगायचं कारण आहे. या हॉलमध्ये आपण ऐंशीएक जण आहोत. कोणी पुण्यात, कोणी पिंपरीत, दोघी दुबईला, एक जण टेक्सासला. आणि आईवडील शिरूरला, न्हावऱ्याला, पाटसला, केडगावला. त्यांचा फोन संध्याकाळी वाजतो. घरी गेल्यावर एकदा विचारा, कोण कोण बोलतं तुमच्याशी? आणि उत्तर ऐकल्यावर माझ्यासारखं लगेच तोडून सांगू नका. आधी गोळ्यांची पाकिटं बघा.

आता रोज साडेसातला मीच फोन करते. मीटिंग असली तर बाहेर येऊन. आई बरी आहे. पण तिचा विश्वास उडाला तो उडालाच. फोन उचलला की पहिल्यांदा म्हणते, "खोकून दाखव." मी खोकते. मग एक प्रश्न विचारते, ज्याचं उत्तर मशीनला माहीत नसेल असा. परवा विचारलं, "आपल्या शिरूरच्या दारापुढं कसलं झाड हुतं?" मी म्हटलं, शेवगा. "शेवगा मागं हुता. पुढं कडुनिंब." मी म्हटलं, बरं, चुकलं. तर म्हणाली, "व्हय, तूच हायस. मशीन चुकलं नसतं. बोल आता."

सरांनी पट्टी हातात घेतलेली दिसतेय. थांबते.